स्वतः ओढवून घेतलेले दुखणे

आपल्या पत्रिकेच्या या पानावर बहुधा ज्येष्ठ मंडळींचे विचार येतात. आमचे वय पंचविशीच्या आतले, शिक्षण हायर सेकंडरीपर्यंतचे, आणि अधिकार म्हणाल तर एवढाच की आमचे वडील आपल्या मंदिराचे पुजारी आहेत. तरीही हा विषय आम्ही हाती घेतला आहे, कारण गेले आठ महिने तो आमच्या घरात मुक्कामाला आहे. वडिलांनी हा लेख आमच्याकडून वाचून घेतला, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि छापण्यास संमती दिली. बहुतेक सभासद कुटुंबांना हकीकत ठाऊक आहेच. जी ठाऊक नाही तीच मुख्यतः येथे सांगावयाची आहे.

प्रश्न असा आहे. जे दुखणे माणसाने आपल्याच हाताने ओढवून घेतले, त्या दुखण्यात त्याने इतरांकडून काय अपेक्षावे, आणि स्वतःकडून काय? प्लेग-पटकीने आजारी पडलेल्याला कोणी जाब विचारीत नसे. परंतु चाळीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाच्या हृदयाने तक्रार केली की भेटीस येणारा प्रत्येक जण प्रथम हाच प्रश्न करतो : "गुरुजी, दिवसाला किती होत होत्या?" प्रकृतीची चौकशी त्यानंतर होते.

गेल्या श्रावणातील तिसऱ्या सोमवारची गोष्ट. अभिषेकाची घागर घेऊन पायऱ्या चढताना वडिलांच्या छातीत जळजळले आणि डावा दंड जड झाला. क्षणभर टेकून बसल्यावर बरे वाटले, म्हणून त्यांनी ते पित्तावर ढकलले. उपवास होता, त्यामुळे आम्हालाही ते पटले. पुढे तीन आठवडे हेच चालले. चढताना दुखे, थांबल्यावर थांबे. सुज्ञ वाचकांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे छातीचे, दंडाचे वा जबड्याचे दुखणे पित्ताचे समजून घरी बसू नये. अखेर एके पहाटे काकड आरतीत शंख फुंकताना त्यांना घाम फुटला आणि त्यांनी शंख अर्ध्यावर खाली ठेवला. त्याच दिवशी शंभराहून अधिक किलोमीटरांचा रस्ता तुडवून आम्ही त्यांना इंदूरला नेले. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आढळल्या. एकीत जाळी बसविली, दुसरीसाठी औषधे दिली, आणि निघताना डॉक्टरांनी एकच वाक्य दोनदा उच्चारले : विडी बंद.

हे कसे घडते ते त्या डॉक्टरांनी आम्हाला कागदावर रेघा काढून समजाविले. धुरातील निकोटिन नाडीचा वेग आणि रक्ताचा दाब वाढविते. म्हणजे हृदयाचे काम वाढते. त्याच धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणजे काम वाढले असता शिधा कमी होतो. रक्तवाहिनीचे आतील मऊ अस्तर खरवडले जाते, तेथे चरबीचा थर धरतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. ५२ देशांत केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्यास हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला, आणि विडीही त्यातून सुटली नाही. आपल्याकडे पुष्कळांची अशी समजूत आहे की विडी म्हणजे नुसते पान, सिगारेटपेक्षा सौम्य. वस्तुस्थिती उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी सारखी विझू पाहते, म्हणून ती वरचेवर आणि खोल ओढावी लागते. ज्या पानांचा व्यापार मध्य प्रदेश सरकारने १९६४ मध्ये आपल्या हाती घेतला, आणि ज्यावर आपल्या राज्यातील कित्येक वनवासी कुटुंबांचा उन्हाळा निघतो, तेच हे पान. तेव्हा कोणास दोष द्यावयाचा म्हटले तर गोष्ट फार लांबपर्यंत जाते.

वडिलांचे पहिले उत्तर प्रारब्धाचे होते. "जेवढे श्वास लिहिले आहेत तेवढेच मिळणार. आता सोडून काय उपयोग? जे व्हायचे ते झाले." पुजाऱ्याच्या घरात हा युक्तिवाद खोडणे सोपे नसते, कारण खोडणाऱ्यापेक्षा मांडणाऱ्याचा अभ्यास अधिक असतो. परंतु त्यांनीच लहानपणी आम्हाला शिकविलेली गोष्ट आम्ही त्यांच्यापुढे ठेवली. प्रारब्धाला शास्त्रकार सुटलेल्या बाणाची उपमा देतात. तो परत घेता येत नाही हे खरे. पण धनुष्यावर चढविलेला दुसरा बाण अजून हातातच आहे, आणि भात्यातले तर पुढचेच. चाळीस वर्षांची विडी हा सुटलेला बाण. उद्या सकाळची विडी हे क्रियमाण. तिला प्रारब्ध म्हणणे म्हणजे हातातला बाण सुटला आहे असे भासविणे होय.

यावर ते हसले, आणि म्हणाले की शास्त्रात कांदा-लसणाचा निषेध आहे, तंबाखूचा दाखव. हा मुद्दाही आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे, म्हणून त्याचे निरसन करून टाकतो. तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगिजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यास लागली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाचा सरदार विजापुराहून ती अकबर बादशहासाठी घेऊन गेला, तेव्हा दरबारी वैद्यांनीही हीच शंका काढली होती की आपल्या ग्रंथांत नसलेली वस्तू घ्यावी कशी! जी वस्तू स्मृतिकारांनी पाहिलीच नाही तिचा त्यांनी निषेध केला नाही, यात त्यांची संमती शोधणे योग्य नव्हे.

आता "सोडून काय उपयोग" याचे उत्तर. येथे शास्त्रापेक्षा आकडे अधिक बोलके आहेत. हृदयविकार जडल्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचा आणि चालू ठेवणाऱ्यांचा तुलनात्मक आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडणाऱ्यांत मृत्यूचा धोका एकतृतीयांशाहून थोडा अधिकच कमी आढळला. ब्रिटनमधील डॉक्टर मंडळींवर १९५१ पासून पन्नास वर्षे केलेली एक पाहणी प्रसिद्ध आहे. तिच्यात असे दिसले की तिशीत सिगारेट सोडणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांचे आयुष्य वाचते, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडली तरी तीन. ते इंग्रज होते आणि सिगारेट ओढीत होते, हे आम्ही विसरत नाही. तरीही आमच्या वडिलांना, जे अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, आम्ही हा तीनचा आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन वर्षांत तुझ्या बहिणीचे शिक्षण पुरे होईल." आठवड्याभरात त्यांच्या तोंडून आलेले पुढच्या काळाविषयीचे ते पहिलेच वाक्य होते.

इतके झाल्यावर विडी सुटली असेल अशी वाचकांची कल्पना होईल. आमचीही झाली होती. घरी आल्याच्या चौथ्या दिवशी हातात पाणी घेऊन त्यांनी देवापुढे संकल्प सोडला होता. पुढे नवरात्र सरल्यावर उदबत्त्यांच्या कोनाड्यात आम्हाला अर्धवट ओढून विझविलेली विडी सापडली.

येथून पुढची हकीकत आमच्या दोषाची आहे. आम्ही ती विडी तळहातावर घेऊन आईसमोर, बहिणीसमोर त्यांना विचारले की तुम्हाला जायचेच असेल तर आमचे पैसे आणि आईची झोप कशाला खर्च केलीत? आमच्या घरात वडिलांशी या स्वरात कोणी बोलले नव्हते. त्यांनी उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून आम्ही त्यांची उपरणी हुंगू लागलो, खिसे चाचपू लागलो आणि गावातील गुमटीवाल्यांना ताकीद देऊन आलो. उपरण्याला वास येईनासा झाला तेव्हा आमचा विजय झाला असे आम्हास वाटले. आठ दिवसांनी कळले की आश्विनातील दुपारच्या उन्हात, छातीत नवी जाळी असलेला हा माणूस दीड मैल चालून अहमदाबादच्या हमरस्त्यावरील गुमटीपर्यंत जातो, तेथे अंगावरचे उपरणे काढून ठेवतो, विडी ओढतो, चूळ भरतो आणि परत येतो. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांनी "बंद आहे" असे सांगितले, कारण मुलगा शेजारी उभा होता. रोग्याने वैद्याशी खोटे बोलावे अशी व्यवस्था आम्ही करून ठेवली होती.

दोष देण्यामागे आमचा हेतू चांगला होता, हे आम्ही स्वतःस अनेकदा सांगितले. परंतु दोष देणाराही हिशेबातून सुटतो काय? आठव्या वर्षापासून वडिलांसाठी विड्यांचे बंडल आणि काडेपेटी आणण्यास आम्हीच धावत होतो; उरलेल्या सुट्या पैशांच्या गोळ्या आम्हीच खाल्ल्या. वडिलांच्या हाती पहिली विडी सतराव्या वर्षी एका वडीलधाऱ्या नातलगाने दिली, ती रात्रभराच्या भजनात झोप येऊ नये म्हणून. आणि सभासद बंधुभगिनींनी राग मानू नये, पण पूजा आटोपल्यावर दक्षिणेच्या तबकात नारळाशेजारी विड्यांचे बंडल ठेवण्याचा प्रघात आपल्या कितीतरी घरांत होता. तो आदराने होता. गुरुजींना आवडते ते द्यावे, एवढाच त्यात भाव होता. तबक भरणारे हात आणि "दिवसाला किती होत होत्या" असे विचारणारे तोंड हे पुष्कळदा एकाच माणसाचे असते, इतकेच आमचे म्हणणे आहे.

येथे कोणी म्हणेल की मग दोष सर्वांचा झाला, म्हणजे गुरुजींचा कोणताच नाही. तसे आम्हास मुळीच म्हणावयाचे नाही. वडिलांनीही ते मान्य केले नाही. या लेखातील त्यांची एक दुरुस्ती याच ठिकाणी आहे. आम्ही "त्यांना सवय लावली गेली" असे लिहिले होते. त्यांनी ते "त्यांनी सवय लावून घेतली" असे करावयास सांगितले. पण घडून गेल्याचा दोष आणि पुढे करावयाचे काम या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि आम्ही पहिल्यात इतके गुंतलो की दुसरीकडे पाहिलेच नाही. निकोटिन ओढल्यापासून काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. चाळीस वर्षे, रोज पंचवीस वेळा, ज्या वस्तूने मनाला अशी तत्काळ उत्तरे दिली, ती वस्तू एका संकल्पाने मुकाट्याने निघून जाईल असे मानणे हे मनुष्यस्वभावाचे अज्ञान होय. व्रत मोडले तर आपण ते टाकून देत नाही. प्रायश्चित्त घेऊन पुन्हा धरतो, आणि त्यासाठी शास्त्राने सोय ठेवली आहे. हा नियम वडिलांनी दुसऱ्यांना शेकडो वेळा सांगितला असेल. त्यांना तो सांगण्यास घरात कोणी नव्हते.

दिवाळीपूर्वी एका रात्री आम्ही पाणी पिण्यास उठलो तेव्हा दोन वाजता माजघरात दिवा होता. वडील भिंतीला टेकून बसले होते. आम्हास पाहून म्हणाले, "डोळा लागला की वाटते, उठणार नाही." गीतेचा दुसरा अध्याय ज्यांचा मुखोद्गत, गावातील कितीतरी वृद्धांच्या उशाशी बसून ज्यांनी तो म्हटला, त्यांना मृत्यूचे भय वाटते हे पाहून आम्ही प्रथम चकित झालो आणि, खरे सांगावयाचे तर, किंचित निराशही. ती निराशा अन्यायाची होती. आत्मा अमर आहे हे जाणणारालाही छातीतली प्रत्येक कळ मोजावी लागतेच. नव्याने हृदयविकार कळलेल्या माणसास झोप न येणे, उदास वाटणे, क्षुल्लक गोष्टीवर डोळे भरून येणे हे फार सामान्य आहे, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. आणि तेही औषधाइतकेच त्यांच्या कानावर घालावयाचे असते हेही सांगितले. आम्ही मात्र दोन महिने केवळ विड्या मोजीत होतो. त्या रात्री वडील म्हणाले, "तू सारखा विचारतोस की का ओढता. एकदा हे विचार की कधी ओढावीशी वाटते."

तेव्हा आम्ही विचारले. तीन वेळा होत्या. पहिली काकड आरतीनंतर, रिकाम्या पोटी, चहाबरोबर. दुसरी संध्याकाळी मंदिर बंद केल्यावर. आणि तिसरी स्मशानातली. ही तिसरी आम्हाला ठाऊक असूनही कधी दिसली नव्हती. अंत्यविधी आटोपला की चिता पेटलेली असते, घरची मंडळी एका बाजूस बसतात, आणि उरलेले पुरुष झाडाखाली उभे राहून विड्या पेटवितात. पहिली विडी गुरुजींपुढे केली जाते. "ती नाकारली की हात मोकळे राहतात," ते म्हणाले, "आणि मग चितेकडे पाहावे लागते."

या एका वाक्याने आम्हास जे शिकविले ते आमच्या सर्व युक्तिवादांनी शिकविले नव्हते. त्यानंतर आम्ही हुंगणे सोडले आणि काकड आरती स्वतःकडे घेतली. वडील त्या वेळी घरी न्याहारी करतात. संध्याकाळी आई त्यांच्याबरोबर नदीच्या रस्त्याने फिरावयास जाते. डॉक्टरांना सर्व खरे सांगितले. ते रागावले नाहीत, पहिल्या प्रयत्नात सुटणारे थोडेच असतात असे म्हणाले, आणि तलफ भागविण्यासाठी निकोटिनच्या चघळावयाच्या गोळ्या ठरावीक मुदतीपर्यंत दिल्या. पहिल्या आठवड्यात चिडचिड फार होते, पुढे तीन-चार आठवड्यांत ती उतरते, हे आधी कळल्यामुळे आम्हीही ताटावरून उठून गेलो नाही. तंबाखूच्या पाकिटांवर सरकारने जो १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक छापविला आहे, तेथे वडिलांनी स्वतः दूरध्वनी केला. मुलाशी न बोलता येणाऱ्या गोष्टी परक्याशी बोलता येतात, असे त्यांचे मत पडले. आम्ही त्यावर काही विचारले नाही.

आपल्याच माळव्यातील एक उदाहरण या दिवसांत आमच्या मनात वारंवार येत असे. पंडित कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले असताना हवापालटासाठी देवासला आले. गवई, आणि फुप्फुसाचा रोग! काही वर्षे गाणे बंद होते. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, क्षयावरील नवी औषधे तोवर आली होती, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. अंथरुणावर असताना त्यांच्या कानी माळव्यातील बायाबापड्यांची लोकगीते पडत राहिली, आणि पुढील गाणे त्या ऐकण्यातून घडले. त्यांचा रोग जंतूचा, वडिलांचा विडीचा. दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत. कुमारांना कोणी जाब विचारला नसेल. परंतु रोग कोठून आला या प्रश्नाने त्या दोघांपैकी कोणाचाही श्वास वाढला नसता. उरलेल्या श्वासात काय बसते, हा प्रश्न दोघांचाही एकच. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मला गाता येत नाही." मग थोड्या वेळाने, "पण रुद्राची आवर्तने आता दोन श्वासांत म्हणावी म्हणतो. घाई कशाला?"

मार्गशीर्षात एकदा पुन्हा मोडले. एका समवयस्क मित्राच्या दहनानंतर त्यांनी विडी घेतली, आणि घरी येऊन स्नान करण्याआधी अंगणातूनच आम्हाला सांगितले. आम्ही बंबातले पाणी काढून दिले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजणी सुरू झाली. ती त्यांनी पंचांगाच्या समासात शिसपेन्सिलीने ठेवली आहे आणि आम्ही ती पाहत नाही. स्मशानात आता त्यांच्यासोबत आम्ही जातो. झाडाखाली न जाता घरच्या मंडळींजवळ बसतो. पहिल्या वेळी त्या मंडळींना थोडे चमत्कारिक वाटले. पण मृताच्या धाकट्या मुलाने वडिलांना कुठल्याशा मंत्राचा अर्थ विचारला, आणि चिता विझेपर्यंत ते त्याच्याशी बोलत राहिले.

गेल्या प्रदोषाला एका यजमानांनी जुन्या सवयीने तबकात बंडल ठेवले. वडिलांनी ते उचलून त्यांच्या हाती परत दिले. ते बिचारे ओशाळले आणि म्हणाले, "मग गुरुजी, काय देऊ?" वडील म्हणाले, "बसा घटकाभर." ते बसले. आम्ही आतून दोन कप चहा नेला तेव्हा बोलणे त्यांच्या स्वतःच्या छातीतील जळजळीवर आले होते, आणि वडील त्यांना इंदूरच्या डॉक्टरांनी काढलेल्या रेघा बोटाने फरशीवर काढून दाखवीत होते.